चौथ्या गाण्यातला डावा पाय

धाड गावात बसस्टँडकडून बाजाराकडे निघालं की उजव्या हाताला पत्र्याच्या शेडचं एक ग्यारेज होतं. त्याला पाटी नव्हती. पाटीची गरजही नव्हती, कारण ग्यारेज दिसायच्या आधी उकंडरावाचा आवाज ऐकू यायचा. कुणी डिझेलमध्ये रॉकेल मिसळून ट्रॅक्टर चालवलेला असायचा, कुणी तेल बदलायचं विसरून तीन हंगाम काढलेले असायचे, कुणी शेजाऱ्याच्या सल्ल्याने नोझल खिळ्याने साफ केलेलं असायचं. उकंडराव त्या माणसाकडे न बघता इंजिनाकडे बघून बोलायचा, "तुही काई चूक नाई बाप्पा. तुले हा मालक कोन देल्ला?"

वैताग हा त्याचा जन्माचा सोबती. आईची आधीची तीन लेकरं दगावली होती. म्हणून चौथं झाल्याबरोबर सुईणीने त्याला उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं आणि तिथून 'सापडलं' म्हणून उचलून आणलं. टाकून दिलेल्या वस्तूला मरण हात लावत नाही, अशी समजूत. लेकरू जगलं आणि नाव पडलं उकंडा. मोठा झाल्यावर तो म्हणायचा, "ज्याची सुरुवातच उकंड्यावर झाली, त्याच्या पुढ्यात जगानं कचराच टाकावा, हे रीतीलेच धरून हाय."

पण कान मात्र देवाने त्याला असा दिला होता की बुलडाण्यापासून भोकरदनपर्यंतचे लोक त्याची बोलणी खात आणि तरी त्याच्याच दारात येत. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटाभरात तो सांगायचा, दुखणं कुठं आहे. खोलून बघितलं की ते तिथंच निघायचं.

या कानामुळेच त्याला पोलंडचा मित्र मिळाला होता. सहासष्ट साली, बावीस वर्षांचा असताना, चिखलीच्या एका एजन्सीवाल्याने त्याला दिल्लीजवळच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात तीन महिने शिकायला पाठवलं. तिथं पोलंडहून काही फिटर शिकवायला आले होते. त्यातला एक काझिमिएश, उंचापुरा, लाल मानेचा. ते नाव उकंडरावाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याने त्याचा काशिनाथ केला. एका नव्या इंजिनात ठोका येत होता आणि दहा माणसं पिस्टनला दोष देत होती. उकंडरावाने पेचकस कानाला लावला, मान हलवली आणि मागच्या बेअरिंगवर बोट ठेवलं. खोललं तर खरंच बेअरिंग. काशिनाथाने त्याला सगळ्यांसमोर उचलून धरलं. तेव्हापासून दर नव्या वर्षाला पोलंडहून एक कार्ड यायचं आणि दर दिवाळीला धाडहून एक पत्र जायचं. तिकडे कोणीतरी इंग्रजी करून द्यायचं, इकडे हायस्कूलचे निवृत्ती सर.

ब्याण्णव सालच्या पोळ्यानंतर, रब्बीच्या नांगरटीसाठी ग्यारेजात ट्रॅक्टरांची रांग लागली असताना, पोस्टमनने एक जाड पाकीट आणून दिलं. ते वाटेत कुठंतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. आत एक कॅसेट आणि चार पानांचं पत्र.

उकंडरावाने दुपारी निवृत्ती सरांना बोलावून घेतलं. सरांनी बाकावर आधी रुमाल अंथरला, मग बसले आणि पत्र मराठीत करून वाचू लागले.

"'प्रिय मित्र उकंड. माझा मुलगा तोमाश बावीस वर्षांचा झाला. त्याला मी कारखान्यात चिकटवलं होतं, ते त्याने सोडलं. आता तो आणि त्याचे तीन मित्र कोंबड्यांच्या एका रिकाम्या शेडमध्ये दिवसभर वाजवतात. ही त्यांची पहिली कॅसेट आहे. या संगीताला मेटल म्हणतात.' म्हणजे धातू," सरांनी खुलासा केला.

"कोनता? बीड का पोलाद?"

"ते लिहिलेलं नाही. पुढं ऐका. 'त्यातही हा अगदी टोकाचा प्रकार आहे. पण आमच्या आवाजाखाली चाल आहे, असं तोमाश म्हणतो. मला ती ऐकू येत नाही. त्याची आई रडते. शेजारी खिडक्या लावून घेतात. दहा माणसांना जमलं नाही ते तू कानाने सांगितलं होतंस. आता हे ऐक आणि खरं सांग, यात काही आहे का, की माझा मुलगा वाया गेला? तू नाही म्हणालास, तर मी त्याला जर्मनीला माझ्या भावाकडे कामाला पाठवतो. तिथं जागा तयार आहे. नाताळच्या आत कळव.'"

उकंडरावाने हातातला पाना खाली ठेवला.

"सर, याचं डोकं फिरलं काय? बाप हा, पोरगं याचं, घर याचं. अन् निकाल म्या द्याचा? म्या का तालुक्याचा न्यायाधीश हाय?"

"तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

"इस्वास हाय म्हनून माह्या डोक्यावर दगड ठिवाचा काय? इथं सात ट्रॅक्टर उभे हायेत!"

पण कॅसेट त्याने खिशात घातली होती.

घरी ती त्याच्या बायकोच्या, मनकर्णाबाईच्या, हाती लागली. वेष्टण काळं. त्यावर बर्फात उभं असलेलं एक वठलेलं झाड, झाडाखाली नांगर आणि नांगराच्या फाळाशी माणसाची कवटी. वर बँडचं नाव होतं, पण ते वाचणार कोण? बाभळीच्या काट्यांचा भारा उसकटून पडावा, तशी ती अक्षरं. सरांनाही त्यातलं एकच अक्षर लागलं होतं. पत्रात मात्र अर्थ दिला होता. बँडचं नाव 'राखेचा नांगर' आणि कॅसेटचं नाव 'पेरणीनंतरचा हिवाळा'.

"हे घरात ठिवू नोका," मनकर्णाबाई म्हणाली.

"काऊन?"

"काऊन म्हून इचारता? डोळे हायेत ना? देव्हारा तीन हातावर हाय अन् तुमी मसनवाट घेऊन आले खिशात."

"माह्या दोस्ताच्या पोराचं हाय ते."

"मंग दोस्ताच्या घरी ठिवा." तिने कॅसेट पदराने धरून ओट्यावर नेऊन ठेवली. रात्रीतून मांजराने ती खाली पाडली आणि डबीचा कोपरा फुटला. सकाळी उकंडराव मांजरावरही ओरडला.

कॅसेट वाजवायला तो दयारामाकडे गेला. दयारामाचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता आणि भजनी मंडळात ढोलकीही तोच वाजवायचा. उकंडराव तिथं टाळकरी. दयारामाकडे मोठा टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्यावर त्याचा पोटच्या लेकरासारखा जीव. बटण दाबलं. सुरुवातीला वाऱ्याचा आवाज आला, मग लांबून एक तार हळूच वाजली. दयाराम म्हणाला, "चांगलं तं हाय." आणि तेवढ्यात सगळं कोसळलं. पत्र्याच्या शेडवर दगडांचा ट्रक उलटा करावा, तसा आवाज. त्यात मशीनगनसारखा ढोल आणि त्या सगळ्याच्या वर एक माणूस, घशात खराटा घातल्यासारखा, रेड्यासारखा डुरकत होता.

दयारामाने झटकन बटण दाबून बंद केलं. "हेड गेलं माह्या टेपचं!"

"हेड नाई गेलं. ते तसंच हाय."

"असं कसं असंन? मानसाचा आवाज हाये का हा?" त्याने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हेड पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा तोच आवाज. मग त्याने बारीक पेचकस घेऊन हेडचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवला. उकंडराव म्हणत होता, "नोको हात लावू, बे," पण ऐकतो कोण. पोलंडच्या आवाजात काडीचा फरक पडला नाही. मात्र त्यानंतर दयारामाच्या सगळ्या लग्नाच्या कॅसेटी नाक दाबून गायल्यासारख्या वाजू लागल्या. याचा दोष अर्थातच उकंडरावावर आला. "तुह्या धातूनं माह्या मशीनची वाट लावली," असं दयाराम गावभर सांगत फिरला. स्क्रू पुन्हा जागेवर आणायला उकंडरावाच्या दोन दुपारी गेल्या.

तोवर गावाला विषय मिळाला होता. ग्यारेजसमोरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय उकंडराव, रेडा आनला म्हनते पोलंडवरून?"

सोपा रस्ता समोर होता. लिहून टाकायचं, भंगार आहे, पाठव पोराला जर्मनीला. त्याने सरांना तसं सांगितलंही. पण सर पेन उघडून बसले आणि त्याला ते वाक्य बोलता येईना. आजवर त्याने एकही इंजिन न ऐकता मोडीत काढलं नव्हतं. हे तर त्याने दीड मिनिटसुद्धा ऐकलं नव्हतं.

"ऱ्हाऊ द्या सर," तो चिडून म्हणाला. "आयकाच लागंन हे झेंगट."

दयारामाने आपला एक जुना टेप, सुतळीने झाकण बांधलेला, मोठ्या उपकाराने दिला. उकंडरावाने तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडला आणि काम करता करता कॅसेट लावून ठेवायला सुरुवात केली. पहिले चार दिवस डोकं दुखलं. गिऱ्हाइकं लांब उभी राहून बोलायची. एक म्हातारा कास्तकार खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "उकंड, घरी काई भांडन-गिंडन हाये का?" एका बाईने बैल बुजतात म्हणून तक्रार केली. उकंडराव सगळ्यांवर खेकसायचा, पण त्याला त्यांचं सगळं पटत होतं. त्याचाच त्याला जास्त राग यायचा.

आठव्या की नवव्या दिवशी तो एका ट्रॅक्टरचं हेड बसवत होता. एकेक नट ओळीने आवळत होता. दयाराम आपला टेप परत मागायला आला आणि दारातच थांबला.

"हे कोनचं भजन हाये रे?"

"कोनतं?"

"तूच तं गुनगुनून राह्यला."

उकंडराव थांबला. खरंच तो गुणगुणत होता. चाल हळू होती, खाली उतरत जाऊन पुन्हा अर्ध्यावर चढणारी. त्याने आठवून पाहिलं. मंडळातली नव्हती, रेडिओवरची नव्हती, आजोळची नव्हती. मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्याच्या तोंडून एक शिवी गेली.

"काय झालं?" दयाराम म्हणाला.

"काई नाई. जाय तू."

त्याने कॅसेट मागे फिरवली आणि पहिल्यांदा काम सोडून ऐकत बसला. चाल होती. त्या दगडांच्या ट्रकाखाली दोन गिटारी चालल्या होत्या. एक पुढे जाऊन ओळ म्हणायची, दुसरी थोडी वरच्या सुरात तीच ओळ उचलायची, जसं मंडळात एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं. त्यात उगाच काही नव्हतं. जिथं थांबायचं तिथं चौघं एकदम थांबत होते, जसा चांगला ब्रेक लागावा. आणि तो ढोल! वेष्टणाच्या आतल्या फोटोत ढोलवाल्याच्या दोन्ही पायांशी एकेक मोठा ढोल आणि तो वाजवायचं पॅडल होतं. दोन्ही पायांनी दोन ठोके, डावा-उजवा, डावा-उजवा, पूर्ण रेसवर असलेल्या डिझेल इंजिनासारखे. एवढ्या वेगात ते सारखे ठेवायला माणसाला किती वर्षं घासावं लागलं असेल, हे उकंडरावाला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याला ते आवडलं का? नाही. ओरडणारा माणूस तर त्याला शेवटपर्यंत सहन झाला नाही. पण आता सोडताही येईना. त्याने टेपच्या लाकडी खोक्यावर पेचकस टेकवला, मूठ कानामागे लावली आणि डोळे मिटले. बाजाराला आलेले दोघे-तिघे दारात उभे राहून हसत होते. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चौथ्या गाण्यात त्याला सापडलं. गाण्याच्या मध्याच्या थोडं पुढे डावा पाय मागे पडत होता. फार नाही, केसाएवढा. एखाद्या नोझलने उशिरा फवारावं, तसा. पंधरा-वीस ठोके तो पाय लंगडायचा आणि मग पुन्हा जुळून यायचा. उकंडरावाने ती जागा इतक्या वेळा मागेपुढे केली की टेपने रीळ गिळलं. हातभर फीत चुरगळून बाहेर आली. त्याने टेपला, दयारामाला, काशिनाथाला आणि पोलंडच्या सगळ्या कोंबड्यांना शिव्या दिल्या. मग पेन्सिलीवर फीत सोडवून, सरळ करून, तुटलेल्या जागी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावून ती जोडत बसला. त्या दिवशी एका ट्रॅक्टरलाही हात लागला नाही.

दिवाळी उलटून गेल्यावर त्याने निवृत्ती सरांना पुन्हा बोलावलं. सरांनी रुमाल अंथरला.

"लिवा. प्रिय काशिनाथ. तुह्या पोराचं गानं म्या आयकलं. मले ते आवडलं नाई."

सरांनी बराच वेळ लिहिलं. उकंडरावाला संशय आला. "एवढं काय लिवून राह्यले? वाचा बरं मराठीत."

सर खाकरले. "'आदरणीय महोदय, आपल्या सुपुत्राच्या सुमधुर संगीताचा आस्वाद घेण्याचे भाग्य मला लाभले.'"

"सुमधुर? म्या सुमधुर कवा म्हनलो?"

"उकंडराव, पत्राची एक पद्धत असते. परदेशी माणसाला एकदम आवडलं नाही असं..."

"तो मले खरं इचारून राह्यला, सर! अन् तुमी त्याले साखर चारता! खोडा ते."

सरांनी खोडलं. कागद खराब झाला म्हणून दुसरा घेतला.

"लिवा. मले ते आवडलं नाई. पन काम खरं हाय. आळशी मानसाचं हे काम नोय. चाल हाय. ती तुले आयकू येत नाई, कारन तू वरचा आवाज आयकतो. खालचा आयक."

"आता यात भाव उतरायला हवा," सर म्हणाले.

"भाव नोको. शब्द उतरवा." सरांचं पेन थांबायची वाट बघून तो पुढे म्हणाला, "आता असं लिवा. चौथ्या गान्यात, आर्ध्याच्या पुढं, ढोलवाल्याचा डावा पाय मांगं पडते."

सरांनी पेन खाली ठेवलं. "हे मी लिहिणार नाही."

"काऊन?"

"संगीतात पाय कुठून आला? लोक हसतील मला. मी एम. ए. आहे, उकंडराव."

"तुमी एम. ए. असा नाई तं पी. एम. असा. पाय लिवा!"

बराच वेळ वाद चालला. सर रुमाल झटकून उठले. दारापर्यंत गेले. उकंडराव दात-ओठ खात त्यांच्या मागे गेला आणि त्याला जे कधीच जमत नव्हतं ते त्याने केलं. तो खालच्या आवाजात बोलला.

"सर, एका पोराचा प्रश्न हाय. मले इंग्रजी येत नाई, म्हनून मी तुमच्या पाया पडतो, असं समजा. तुमी फक्त पाय लिवा."

सर परत येऊन बसले. त्यांनी पाय लिहिला. डावा, असंही लिहिलं. शेवटचं म्हणणं उकंडरावाने तीनदा सांगून, दोनदा वाचून घेऊन पक्कं केलं. ते असं होतं: 'तोमाशला चौथ्या गाण्याबद्दल विचार. तो रागावला, भांडला, पाय बरोबरच आहे म्हणाला, तर त्याला जर्मनीला पाठव. पण त्याला जर ते आधीच माहीत असेल, तर त्याला सोड. ज्याला आपल्या कामातली खोट आपली आपण ऐकू येते, तो माणूस वाया गेलेला नसतो.'

पत्र गेलं. नाताळ आला आणि गेला. नव्या वर्षाचं कार्ड आलं नाही. उकंडराव रोज पोस्टमनला वाटेत अडवायचा आणि काही नाही म्हटल्यावर त्याच्यावरच डाफरायचा. "आपुन कायले पडलो यात? सव्वीस वर्षाचा दोस्त होता, तोई गेला," तो मनकर्णाबाईला म्हणायचा. ती म्हणायची, "म्या पह्यल्याच दिवशी म्हनलं होतं, घरात ठिवू नोका."

होळीच्या आसपास उत्तर आलं. पाकिटात दोन पत्रं होती. निवृत्ती सर या वेळी रुमाल अंथरायचं विसरले.

काशिनाथाने लिहिलं होतं: 'मी तुझं पत्र तोमाशला वाचून दाखवलं. पाय मागे पडतो, एवढं ऐकल्यावर तो जिन्यावर मटकन बसला. मला वाटलं, आता भांडेल. तो म्हणाला, हो. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ढोल वाजवणारा बर्फावर घसरला होता, त्याचा घोटा सुजला होता. स्टुडिओ दोनच दिवस मिळाला होता. चौघांनाही माहीत होतं आणि कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून चौघंही देवाची प्रार्थना करत होते. कुणाच्याच आलं नव्हतं. मी म्हणालो, मला दाखव. त्याने लावलं. मला काही कळलं नाही. मग त्याने माझा तळहात उलटा केला आणि त्यावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं, आधी बरोबर, मग लंगडं. तेव्हा कळलं. उकंड, त्या पोराने माझा हात दहा वर्षांनी धरला. तो येणार नाही, असं मी जर्मनीला कळवलं आहे.'

सर थांबले. उकंडराव शेडबाहेर बघत होता.

"पुढं?" तो म्हणाला.

दुसरं पत्र पोराचं होतं, छोटंसं. त्यात त्याने चौथ्या गाण्याचा अर्थ लिहून पाठवला होता. पेरलेलं बी बर्फाखाली पडून राहतं, वरून जाणाऱ्याला रान मेलेलं दिसतं, पण बी आपला वेळ मोजत असतं.

उकंडरावाने हे दोनदा वाचून घेतलं. मग त्याचा पारा चढला. "एवढी सोन्यासारखी गोष्ट! मंग ती सांगाले बोंबलायचं काऊन? सरळ म्हनाले काय झालतं?"

सर हसले, ते त्याला आवडलं नाही.

या प्रकरणातून त्याला फायदा काही झाला नाही. तोटा मात्र झाला. त्याचा कान आधीच तिखट होता, आता तो आणखी धार लावल्यासारखा झाला. भजनात दयारामाची ढोलकी चढत जाते, हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं आणि वर्षानुवर्षं त्याने ते गिळलं होतं. आता गिळेना. एका एकादशीला भर भजनात त्याने टाळ थांबवले आणि म्हणाला, "दया, तुले कोन मांगं लागलं हाय? पोलंडचं पोरगं याच्या चौपट धावते, पन घोटा सुजल्याबिगर एक ठोका इकडचा तिकडं होत नाई." दयारामाने ढोलकी उचलली आणि तो घरी गेला. तीन महिने तो मंडळात आला नाही. लोकांनी उकंडरावालाच बोल लावले. शेवटी त्यालाच दयारामाच्या दारात जावं लागलं. तिथंही माफी मागायला गेलेला माणूस अर्धा तास ढोलकीची चूकच समजावून सांगत बसला. दयाराम परत आला तो, त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे, निव्वळ कटकट टळावी म्हणून. पण पुढं त्याची ढोलकी पुष्कळ सुधारली, हे मंडळातले सगळे मान्य करायचे. दयाराम करायचा नाही.

चौऱ्याण्णव साली दुसरी कॅसेट आली. या वेळी कवट्या पाच होत्या. तोमाशने स्वतः लिहिलं होतं, 'काका, ऐका आणि खोट काढा.' उकंडराव कपाळाला हात लावून बसला, पण सोळा दिवस ऐकून त्याने सहा चुका काढल्या. डावा पाय निर्दोष होता. गिटार दोन जागी घाई करत होती. ओरडणारा पहिल्यापेक्षा वाईट ओरडत होता. सरांनी सगळं जसंच्या तसं लिहिलं. उत्तर आलं की यादी अगदी बरोबर आहे, पण कॅसेट आधीच दुकानात गेली आहे, आता काही बदलता येणार नाही.

"मंग इचारलं कायले?" उकंडराव ग्यारेजात एकटाच ओरडला. "इंजिन बसवून, रंग मारून, गिऱ्हाइकाले देल्यावर मिस्त्रीले इचारता का, ठोका कुठं हाय म्हनून?"

तिसरी कॅसेट आली नाही. शहाण्णव साली बँड मोडला. ढोलवाल्याचं लग्न झालं, ओरडणाऱ्याचं आणि तोमाशचं फाटलं. तोमाश शेवटी गेला जर्मनीलाच, पण आपल्या मनाने, आणि तिथं बसगाड्यांच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करू लागला. रविवारी दुसऱ्याच कुठल्या तरी बँडमध्ये वाजवतो, असं काशिनाथाने कळवलं. हे ऐकून उकंडरावाने हातातला पाना फडक्याने पुसला. मग म्हणाला, "डेपोचं काम वाईट नोय." आणि समोरच्या ट्रॅक्टरवाल्यावर, एअर फिल्टर का धुतलं नाही म्हणून, नेहमीपेक्षा जरा कमी ओरडला.

त्याच पत्राच्या शेवटी काशिनाथाने लिहिलं होतं की आता त्याचे गुडघे जिना चढू देत नाहीत, डॉक्टरच्या गोळ्यांनी पोट बिघडतं, तुमच्याकडे यावर काय करतात?

"घ्या," उकंडराव म्हणाला. "आता गुडघे! म्या मानसांचा मिस्त्री हाय काय?"

मनकर्णाबाई दारात भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. "निर्गुडीचा पाला गरम करून बांधाले सांगा," ती म्हणाली. "अन् थंड पान्यात पाय नोको म्हना."

निवृत्ती सरांनी पेन उघडलं आणि निर्गुडीपाशी अडले. इंग्रजीत तिला काय म्हणतात, ते त्यांना येईना. घरून जाडजूड शब्दकोश मागवला, त्यातही सापडेना. "झुडूप लिहितो," ते म्हणाले.

"झुडूप? उद्या त्यानं बाभूळ बांधली गुडघ्याले म्हंजे?"

"मग काय करू?"

मनकर्णाबाई परसात गेली. निर्गुडीची एक डहाळी तोडून आणली, पदराने पुसली आणि सरांच्या पुढ्यातल्या पाकिटावर ठेवली.

"परदेशी टपालात झाडपाला घालता येत नाही," सर म्हणाले. "कायदा आहे."

"लिवा सर," उकंडराव म्हणाला, "पानाले पाच बोटं असतात म्हनून लिवा. चित्र काढा. काई बी करा, पन आज पत्र गेलं पाह्यजे."

सर शब्दकोश बाजूला सारून पाच बोटांचं पान काढू लागले. ते काही केल्या पानासारखं दिसेना आणि उकंडराव त्यांच्या खांद्यावरून वाकून प्रत्येक रेघेवर कुरकुरत उभा राहिला.